कॅप्टन पेनफोल्डच्या सामानाचा लिलाव

व्हिट्बी,
४ मार्च १९२६

प्रिय मेजर डॅक्रे,

माझं नाव वाचून आठवण झाली नाही तर केक आठवून पाहा. आफ्रिकेतल्या लढाईवरून तुम्ही परत आलात त्या हिवाळ्यात एकदाच माझ्याकडे आला होतात. ओले बूट घालून माझ्या गालिच्यावर बसलात, शहाजिऱ्याच्या केकचे तीन तुकडे खाल्लेत आणि माझ्या भावाबद्दल बोललात. मी ऑगस्टा पेनफोल्ड, लायनेलची थोरली बहीण. आता शाळेतून निवृत्त झाले आहे. मुलींच्या चुका काढायचं काम संपलं, म्हणून बाकी जगाच्या काढते.

गेल्या आठवड्यात मी लेजफर्डला गेले होते. तुमच्या रेजिमेंटच्या चर्चमध्ये त्या लढाईत गेलेल्यांचा संगमरवरी फलक आहे, वर अधिकारी, खाली शिपाई. त्यावर लायनेलचं नाव नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तापाने गेलेले आहेत, घोड्यावरून पडून मान मोडलेला एक जण आहे, पण विषमज्वराने गेलेला माझा भाऊ नाही. पाथरवट नाव खाऊन बसला आणि इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही! समितीला पत्र कुणाच्या नावे घालायचं तेवढं कळवा. मी मरायच्या आत ते नाव तिथं कोरलेलं मला पाहायचं आहे.

दुसरं असं, की मी त्याचं लहानसं चरित्र लिहायला घेतलं आहे. बहिणीला भावाचं बालपण माहीत असतं, पण कॅप्टन म्हणून तो कसा होता ते मला काय ठाऊक? मला सगळं हवंय. तो हाताखालच्या लोकांवर ओरडायचा का? मेसमध्ये कुणाच्या शेजारी बसायचा? लिलावाची गोष्ट तुम्ही सांगितलीत ती मला पाठ आहे. मोहिमेवर अधिकारी वारला की त्याचं सामान मेसमध्ये लिलावाला निघतं, दोस्त मंडळी मोडक्या कंगव्यालाही अव्वाच्या सव्वा बोली लावतात, घेतलेली वस्तू परत टेबलावर फेकून पुन्हा विकायला लावतात आणि सगळा पैसा घरच्यांना जातो. लायनेलच्या सामानावर झुंबड उडाली, म्हणालात. खोगीर बॅस्कमने घेतलं, मेंढीच्या कातड्याचा कोट फेनने, बुद्धिबळाचा पट डॉक्टरांनी, आणि त्याच्या त्या घडीच्या कॅनव्हासच्या टबासाठी पोरसवदा लेफ्टनंट हमरीतुमरीवर आले.

तेव्हा सांत्वनाला पुष्कळ लोक आले आणि पुष्कळ बोलले. मी जगले ती मात्र त्या लिलावातल्या आरडाओरड्यावर.

आपली,
ऑगस्टा पेनफोल्ड


लडलो,
११ मार्च १९२६

प्रिय मिस पेनफोल्ड,

केक आठवला, तुम्हीही आठवलात. तीन नव्हे, चार तुकडे खाल्ले होते. चौथा तुम्ही किटली आणायला गेलात तेव्हा.

फलकाचं म्हणाल तर पाथरवटाचीच चूक. ही जमात दारू पिऊन छिन्नी चालवते. समितीला मात्र तुम्ही लिहू नका. तिथं सगळे म्हातारे बसलेत, एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला आठवत नाही आणि तिसऱ्याला दोन्ही जमतं पण तो बैठकीला येत नाही. मी माझ्या परीने बघतो. सावकाश होईल.

लायनेल ओरडत नसे. त्याला ओरडताच येत नव्हतं, आणि परेडच्या मैदानावर ही अडचणच असते. पहिल्या वर्षी त्याचा हुकूम पुढच्या रांगेपर्यंत पोचायचा, मागची रांग पुढच्यांचं बघून वळायची. पण प्रत्येक शिपायाचं नाव त्याला ठाऊक, त्याच्या बायकोचं ठाऊक आणि बायको कुणाशी भांडली तेही ठाऊक. कुठेही तळ पडला की त्याचा टब आधी उघडायचा. पाणी नसलं तर नुसता कोरडा बसून गाणी म्हणायचा.

तुमच्या कामाची एक गंमत सांगतो. मेसमध्ये बाईमाणसाचं नाव घ्यायचं नाही, असा आमच्याकडे दंडक. घेतलं की सगळ्यांना एक बाटली पाजायची. लायनेल आला त्याच आठवड्यात म्हणाला, “ऑगस्टा म्हणते, मटण असं शिजवत नाहीत.” झाला दंड. पुढच्या आठवड्यात पुन्हा, “हे ऑगस्टाला सांगायला हवं.” पुन्हा बाटली! आम्हाला वाटलं, गडी प्रेमात पडलाय. बहीण आहे हे कळायला नाताळ उजाडला. तोवर तुमच्या नावावर आम्ही बरीच उत्तम पोर्ट रिचवली होती. त्याबद्दल उशिरा का होईना, आभार.

चरित्रात हे घाला. बाकी लढाई वगैरे कुणी वाचत नाही.

आपला,
हम्फ्री डॅक्रे


व्हिट्बी,
२० मार्च १९२६

प्रिय मेजर डॅक्रे,

टबाची गोष्ट वाचून मी हसले, मग दार लावून थोडी रडले, मग पुन्हा वाचून हसले. असं आणखी पाठवा.

पण तुम्ही लढाईवरून पळताय. पानभर मटण आणि पोर्ट, आणि शेवटच्या वर्षाबद्दल अक्षर नाही! ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या मुली मी जन्मभर पाहिल्यात.

आणि सावकाश वगैरे माझ्या स्वभावात नाही. समितीला मी पत्र टाकलंय. बॅस्कम तिचे अध्यक्ष आहेत, आता कर्नल म्हणवतात, हे तुम्ही सांगितलं नाहीत! मी त्यांना कळवलं, की लायनेलचं खोगीर तुम्ही इतकी वर्षं जपलंत, बहीण म्हणून मी तुमची ऋणी आहे, फोटो काढायला ते चार दिवस पाठवाल का? कोटासाठी फेन यांनाही लिहिलं आहे. सगळ्या वस्तू एकदा एका टेबलावर मांडून फोटो काढायचा आहे, पुस्तकात पहिल्या पानावर.

आता तुमच्याविषयी. लायनेलने आफ्रिकेतून लिहिलं होतं, “डॅक्रे आमचा ॲड्ज्युटंट आहे, कर्नलचा उजवा हात. दहा वर्षांनी रेजिमेंट त्याच्याच हातात असेल.” मग बॅस्कम कर्नल झाले आणि तुम्ही मेजरच राहिलात, हे कसं? विचारणं सभ्यपणाचं नाही, ठाऊक आहे. पण मला राहवत नाही, आणि या वयात मी सभ्यपणा रविवारपुरताच ठेवला आहे.

आपली,
ऑगस्टा पेनफोल्ड


लडलो,
२३ मार्च १९२६

प्रिय मिस पेनफोल्ड,

बॅस्कमला पाठवलेलं पत्र परत मागवता येईल का? त्याची प्रकृती नाजूक आहे, जुन्या गोष्टी निघाल्या की त्याला त्रास होतो. फेन विसराळू आहे, त्याने कोट कधीच कुणाला देऊन टाकला असेल. खोगिराला तर वाळवी लागली, असं ऐकल्यासारखं वाटतं. फोटोचा नाद सोडा. हवं तर मी लायनेलचं चित्र काढून पाठवतो. मला चित्रं बरी जमतात, विशेषतः घोड्यांची.

माझ्या बढतीचं घोडं कुठं पेंड खात होतं ते मलाच ठाऊक नाही. यकृत म्हणा, डोळे म्हणा. आफ्रिकेतून आल्यावर मला डेपोत टाकलं. तिथं मी कांबळी मोजली आणि जर्मनांशी लढाई लागली तेव्हा पोरांना बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं. कुणीतरी ते शिकवावंच लागतं. पोरं चांगली होती. मला तक्रार नाही.

कृपा करून बॅस्कमचं पत्र तेवढं बघा.

ह. डॅक्रे


व्हिट्बी,
९ एप्रिल १९२६

मेजर डॅक्रे,

बॅस्कम यांचं उत्तर आलं. प्रकृती ठणठणीत दिसते, अक्षर छापल्यासारखं आहे. ते म्हणतात, “कॅप्टन पेनफोल्ड यांची कोणतीही वस्तू मी खरेदी केलेली नाही. फलकावरील नावांचा निर्णय त्या वेळच्या समितीने पूर्ण विचारांती घेतला होता.” फेन यांनी दोनच ओळी लिहिल्या आहेत: “कोट माझ्याकडे नाही. डॅक्रेला विचारा, पेनफोल्डची बाजू घेणारा तेवढा एकच होता.”

म्हणजे पाथरवट बिचारा शुद्धीत होता. आणि माझ्या भावाची ‘बाजू’ घ्यावी लागत होती.

आता मी काय लपवलं ते ऐका. तुम्ही मला जपत होता हे माझ्या ध्यानात आलंय, आणि मला त्याचा राग आलाय, कारण गरजच नव्हती. पांढऱ्या निशाणाचं मला पहिल्यापासून माहीत आहे.

लायनेलच्या कंपनीतला सार्जंट जेथ्रो हॅम्लिन आमच्या शेजारच्याच गावचा. लढाईवरून आल्यापासून दर वर्षी हेरिंगचा हंगाम लागला की टोपलीभर मासे घेऊन माझ्या मागच्या दारी येतो. पहिल्याच वर्षी त्याने मला सगळं सांगितलं. ते शेतघर, वरच्या टेकडीवर बोअर लोकांची तोफ, पाणी संपलेलं, जखमी माणसं ओली माती चोखतायत. लायनेल एकेकाजवळ जाऊन त्याचं नाव विचारत होता. हॅम्लिन म्हणतो, “बाईसाहेब, त्यांना आमची नावं ठाऊक होती की. तरी विचारली. माझं विचारलं तेव्हा मला वाटलं, झालं, आता मरायचंय.” मग लायनेलने आपला अंघोळीचा टॉवेल काठीला बांधला आणि स्वतः बाहेर चालत गेला. शिपायाच्या हाती दिला नाही. बोअरांनी बंदुका घेतल्या, बूट घेतले आणि सोडून दिलं. हॅम्लिनच्या मांडीत गोळी होती, घराचं दार काढून त्याला त्यावर निजवून हे सगळे अनवाणी तळावर परत आले.

मला त्या टॉवेलचा अभिमान होता, मेजर! आणि मी समजत होते की रेजिमेंटलाही आहे. का समजत होते? कारण तुम्ही सांगितलंत की तो गेल्यावर त्याच्या फुटक्या मगासाठीसुद्धा मेस भांडली.

तो लिलाव झाला होता का? त्या वस्तू कुणी घेतल्या? आता कुठे आहेत?

खोटं लिहायचं असेल तर तिकीट वाया घालवू नका.

ऑगस्टा पेनफोल्ड


लडलो,
२४ एप्रिल १९२६

बाईसाहेब,

मी मिसेस टर्ल, मेजरसाहेबांच्या घरचं सगळं मीच बघते. तुमचं पत्र आल्यापासून त्यांनी अंडं नीट खाल्लेलं नाही. माळ्यावरच्या खोलीत एक पत्र्याची पेटी आहे, तिला मला कधी फडकं मारू दिलं नाही. ती उघडून नुसते बसतात. मी म्हटलं, “साहेब, कसर लागलीय का?” तर म्हणे, “नाही टर्ल, कसरसुद्धा लागली नाही, हेच तर वाईट.” आता याचा अर्थ काय लावायचा?

तुम्हाला पत्र लिहितात आणि चुलीत घालतात. शेगडी छान पेटते, पण असं किती दिवस चालणार? तुम्ही काही टाकून बोलला असाल तर थोडं मऊ बोला. माणूस चांगला आहे. रागवायचं झालं तर त्यांचं रागवणं मी करते, ते काम आधीच नेमलेलं आहे.

आपली नम्र,
एलन टर्ल


लडलो,
२ मे १९२६

प्रिय मिस पेनफोल्ड,

टर्लने तुम्हाला लिहिलं, असं आज नाश्त्याला कळलं. तिला काढून टाकलं होतं. दुपारपर्यंत परत घेतलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी समजत होतो. ती मूठ तुम्ही पहिल्यापासून उघडी पाहिलेली होती आणि आपण दोघं इतकी वर्षं एकमेकांना जपत बसलो. हसू येतं, पण फार नाही.

लिलाव झाला होता. पुकारणारा मीच होतो, कारण ते काम ॲड्ज्युटंटचं.

लायनेल त्या माणसांना घेऊन परतला त्या दिवसापासून मेसमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत, मीठ मागितलं की मीठ देतात आणि दुसरीकडे बघतात. शरणागतीची चौकशी बसणार होती. ती बसली असती तर तो सुटला असता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण चौकशीआधी ताप आला. मी त्याच्या तंबूत बसत असे. तो शेवटी भ्रमात टब मागत होता. आम्ही आणला, उघडून खाटेशेजारी ठेवला, तेव्हा शांत झाला.

मग लिलाव. एरवी लिलावाची दुपार म्हणजे धुमाकूळ. मेलेल्या दोस्ताच्या नावाने माणसं हसून घेतात, कारण रडायची सोय नसते. मी काटेरी झाडाखाली टेबल मांडलं, खोगीर उचललं आणि पुकारलं. कुणी बोललं नाही. पुन्हा पुकारलं. बॅस्कम पाइपात तंबाखू दाबत होता, फेन बुटांकडे बघत होता, डॉक्टर पेपर वाचत होते, तोही आठवड्याचा शिळा. कर्नलनी टोपी सारखी केली. म्हणजे माझ्यासाठी इशारा होता, सामान बांध आणि गुपचूप छावणीतल्या दुकानदाराला विकून टाक.

मग मीच बोली लावली. पुकारणाराही मी आणि घेणाराही मी. माझ्या बोलीवर माझीच चढी बोली. शेवटी खोगीर मी घेतलं आणि रिवाज आहे म्हणून परत टेबलावर फेकलं, पुन्हा पुकारलं, पुन्हा घेतलं. मग कोट. मग पट. त्यातला एक घोडा हरवला होता, त्याच्या जागी लायनेलने बुचाला कान कापून घोडा केला होता, मी त्या बुचाचीही वेगळी बोली लावली. आवाज चढत गेला माझा. एकेक जण उठून गेला. टब निघाला तेव्हा समोर नुसत्या खुर्च्या होत्या, आणि मी त्या खुर्च्यांना विचारत होतो, “आणखी कुणी? आणखी कुणी?”

संध्याकाळी कर्नलनी बोलावलं. म्हणाले, “डॅक्रे, मेसने न बोलता जे सांगितलं ते तुला ऐकू आलं नाही, असं दिसतं.” मी म्हटलं, “ऐकू आलं सर.” माझ्या बढतीच्या घोड्याने पेंड खाल्ली ती इथं. त्याचं मला वाईट वाटतं का? वाटतं. मला रेजिमेंट हवी होती. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

पुढे तुमच्याकडे आलो तो पैसे कसे जमले हे सांगायला. तुम्ही केक कापत विचारलंत, “खोगीर कुणी घेतलं?” आणि मी बॅस्कम म्हणून बसलो. मग एकेक नाव सुचत गेलं. ज्यांनी बोली लावायला हवी होती त्यांचीच नावं मी घेतली.

सगळं सामान माझ्या माळ्यावर आहे. मी ते कधी वापरलं नाही. एकट्याने घेतलेलं सामान वापरावंसं वाटत नाही. ते तुमचंच आहे, हवं तेव्हा पाठवतो. आणि फलकावर नाव येत नाही तोवर मी रेजिमेंटच्या वार्षिक जेवणाला जाणार नाही, असं बॅस्कमला आजच कळवतो आहे.

हम्फ्री डॅक्रे


व्हिट्बी,
१५ मे १९२६

प्रिय मेजर डॅक्रे,

देशभरच्या संपामुळे टपाल रखडलं. तुमचं पत्र माझ्या हाती उशिरा आलं आणि आल्यापासून मी ते कुठेही ठेवू शकलेले नाही. आता एप्रनच्या खिशात आहे.

मी तुम्हाला खोटारडा ठरवलं होतं. खोटारडे तर आहातच. पण देवाने आणखी थोडे खोटारडे त्या झाडाखाली बसवले असते तर बरं झालं असतं.

बॅस्कमला काही लिहू नका. ज्यांना माझा भाऊ खुर्चीत बसलेला चालला नाही त्यांच्या भिंतीवर त्याचं नाव मला भीक मागून नको. मनातून अजून हवं आहे, हे कबूल करते. ते नाव तिथं असावं, असं मला रोज सकाळी वाटतं आणि दुपारपर्यंत मी स्वतःला समजावते.

सामान पाठवूही नका. घेऊन या. रेल्वे आता सुरू झाली आहे. शनिवारी २९ तारखेला दुपारच्या गाडीने या. हॅम्लिनने त्या शेतघरातली जिवंत असलेली माणसं हुडकली आहेत, तो धरून सहा. चांभार आहे, पोस्टमन आहे, एक जण चर्चची घंटा वाजवतो.

लिलाव पुन्हा होईल. तुम्हीच पुकारायचा. पैसे लाइफबोटीच्या फंडाला. ही विनंती नाही.

ऑगस्टा पेनफोल्ड

ता. क. केक चार तुकड्यांच्या हिशेबाने करते आहे.


लडलो,
१ जून १९२६

प्रिय ऑगस्टा,

नुसतं नाव का लिहिलं, ते शेवटी सांगतो. रागवायचं असेल तर तोवर थांबा.

पाहुणचाराबद्दल आभार मानायला बसलो, पण तुम्हाला एक हकीकत देणं लागतो. “माझी बैठक आज मेस आहे आणि बायका मेसमध्ये येत नाहीत,” असं म्हणून तुम्ही विणकाम घेऊन दाराबाहेर बसलात. हॅम्लिनने आत बोलावलं तरी आला नाहीत. म्हणून तुम्हाला नुसते आवाज ऐकू आले, आणि त्यातल्या एका आवाजाला तुम्ही मारामारी समजलात. ती मारामारी नव्हती. तो टब होता.

सुरुवात वाईट झाली. मी खोगीर उचललं, पुकारलं आणि खोलीत कुणी बोललं नाही. सहाही जण ताठ बसून समोर बघत होते. ऑगस्टा, मला ते झाड दिसलं, त्या खुर्च्या दिसल्या. मी पुन्हा पुकारायला तोंड उघडलं. तेवढ्यात हॅम्लिन उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, विचारायचं होतं. शिपायाने बोली लावली तर चालते का?”

बिचारे परवानगीसाठी थांबले होते! अधिकाऱ्याच्या सामानाच्या लिलावात शिपाई उभा राहू शकत नाही, हा रिवाज त्यांना माझ्याइतकाच पाठ. त्या दिवशी आफ्रिकेतही ते छावणीच्या पलीकडच्या टोकाला उभे होते, हॅम्लिनने सांगितलं. माझा एकट्याचा आवाज त्यांना ऐकू येत होता. यायची परवानगी नव्हती.

मी म्हटलं, “आज मेस तुमचीच आहे.”

मग जे उसळलं ते तुम्ही बाहेरून ऐकलंत. पिकर्सगिल चांभाराने खोगीर घेतलं. “घोडा कुठाय रे तुझ्याकडे?” पोस्टमन ओरडला. “बायकोवर घालीन,” तो म्हणाला आणि लगेच परत टेबलावर फेकलं. पोस्टमनने घेतलं, फेकलं. बुचाच्या घोड्यावरून घंटावाला आणि हॅम्लिन एकमेकांच्या आईबापांपर्यंत गेले. टब घेण्याआधी बसून बघायला हवा, असं पिकर्सगिलचं म्हणणं पडलं. तो बसला, पाय तुटला, म्हणजे टबाचा, आणि मोडका टब आधीच्या दुप्पट किमतीला गेला. तुम्ही दारावर थाप मारून “सगळे ठीक आहेत ना?” विचारलंत तेव्हा आत सहा म्हातारे गालिच्यावर पडून हसत होते, आणि त्यातले दोघं हसत नव्हते.

लायनेलचा पाइप निघाला तेव्हा मीही बोली लावली. तो मला मनापासून हवा होता. घंटावाल्याने मला मागे टाकलं. मी चढलो, तो चढला. शेवटी मी हरलो. गेल्या वेळी मला हरवायला कुणीच नव्हतं, त्यामुळे हरण्यात किती सुख असतं ते मला आता या वयात कळलं.

संपल्यावर मी त्यांना फलकाचं सांगितलं. वाटलं, त्यांना सांगणं माझं काम आहे. मी म्हटलं, कप्तानांचं नाव भिंतीवर नाही. हॅम्लिनने पाइप झटकला. मग म्हणाला, “ठाऊक आहे साहेब. मी जाऊन आलोय. खालच्या रांगेत आम्हा सहांचीही नावं नाहीत. तिथं असायची होती. ती ज्याने तिथं लागू दिली नाहीत, त्याचं नाव त्या भिंतीवर हवं कशाला?”

ऑगस्टा, तुम्ही म्हणालात की रोज सकाळी तुम्हाला ते नाव तिथं असावंसं वाटतं. उद्या सकाळी वाटेल तेव्हा हे वाक्य वाचा. मी तर ते चरित्राच्या पहिल्या पानावर टाकेन, फोटोच्या जागी.

सामान एकानेही नेलं नाही. सगळं विकलं गेलं आणि सगळं टेबलावर परत आलं, खऱ्या मेसमध्ये व्हायला हवं होतं तसं. म्हणून तुम्हाला ते जसंच्या तसं मिळालं. फक्त टबाला एक पाय कमी. बुचाचा घोडाही तेवढा दिसणार नाही. तो माझ्या कोटाच्या खिशात कुणीतरी टाकला, इथं आल्यावर सापडला. मला संशय हॅम्लिनचा आहे. मी तो परत करणार नाही.

शेवटचं. आम्ही ग्लास उचलले आणि कुणाच्या नावाने घ्यायचे हा प्रश्न आला. लायनेलच्या नावाने घेतले. दुसरे कुणाच्या नावाने? मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, “ऑगस्टा.” हॅम्लिन ताडकन उभा राहिला. “साहेब, मेसमध्ये बाईमाणसाचं नाव! दंड!”

बाटली आजच्या गाडीने हॅम्लिनच्या पत्त्यावर निघाली आहे. टर्लला सांगून पोर्टची आणखी एक पेटी मागवली आहे, कारण हे नाव मी पुन्हा घेणार आहे.

हम्फ्री